आशेची किंमत कोणी ठरवावयाची?

सीमाभागातील मराठी कुटुंबाला दोन राजधान्यांची सवय असते. बेळगावाहून बंगळूर जितके दूर, जवळजवळ तितकीच मुंबईही दूर. जमिनीचा उतारा, शिधापत्रिका, मुलांचे दाखले यांसाठी आपण दक्षिणेकडे पाहतो. सोयरीक, वर्तमानपत्र, नाटक यांसाठी उत्तरेकडे. आजारपणात मात्र सरकार कोणते हे आपण पाहत नाही, गुण कोठे येतो ते पाहतो. मिरजेचे मिशनचे रुग्णालय १८९४ साली निघाले. मिरज, कोल्हापूर, बेळगावातील मोठी रुग्णालये आणि तेथेही नाहीच जमले तर पुणे-मुंबई, हा आपल्या घरांचा ठरून गेलेला क्रम आहे.

ह्या वाटेने आता एक निराळे दुखणे घेऊनही माणसे जाऊ लागली आहेत. त्याविषयी ह्या महिन्यात लिहावयाचे आम्ही योजिले आहे. निमित्त आहे ते सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०२६ रोजी दिलेल्या एका निकालाचे. स्वमग्न मुलांवर, म्हणजे ज्यांना ऑटिझम आहे असे डॉक्टर सांगतात त्या मुलांवर, मूळपेशींचे म्हणजे 'स्टेम सेल'चे उपचार नेहमीची वैद्यकीय सेवा म्हणून करता येणार नाहीत. करावयाचेच असतील तर मान्यता मिळालेल्या व देखरेखीखाली चालणाऱ्या चाचणीतच करावे लागतील, असे त्या निकालात सांगितले आहे. दाद मागणाऱ्यांत प्रमुख होता मुंबईचा यश चॅरिटेबल ट्रस्ट. बौद्धिक व विकासविषयक अडचणी असलेली प्रौढ मुलेमुली जेथे काम करतात, ते जुहूचे 'अर्पण' उपाहारगृह चालविणारी हीच संस्था. म्हणजे तक्रार घेऊन गेले ते कोणी परके टीकाकार नव्हेत. अशा मुलांच्या सहवासात ज्यांचे दिवस जातात ती माणसे होत.

स्वमग्नता म्हणजे काय, हे आता पुष्कळांस ठाऊक झाले आहे. तरी दोन शब्द सांगणे बरे. बाल्टिमोर येथील लिओ कॅनर ह्या डॉक्टरांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून ही अवस्था वैद्यकात स्वतंत्रपणे ओळखली जाऊ लागली. मूल हाकेला वळून पाहत नाही, बोट दाखवून मागत नाही, बोलणे उशिरा येते किंवा आलेले मावळते, एकच खेळ तासन्‌तास चालतो, मिक्सरचा आवाज सोसवत नाही. आपल्याकडे अशा वेळी पहिला दिलासा घरातील वडीलधाऱ्यांकडून मिळतो. "त्याचा बापही उशिराच बोलला होता," "जीभ जड आहे, सुटेल." मग नवस होतात, अंगारा लागतो आणि दोन-तीन मोलाची वर्षे निघून जातात. निदान झाले की दुसरे संकट उभे राहते, ते आईला दोष देण्याचे. थंड स्वभावाच्या आईमुळे मूल असे होते, हा समज एके काळी पश्चिमेकडील मोठमोठ्या विद्वानांनीही पसरविला होता. तो चुकीचा ठरून कित्येक दशके लोटली. आपल्या माजघरातून तो अजून गेलेला नाही.

स्वमग्नतेचा गाभा पालटून टाकणारे सिद्ध औषध आज वैद्यकाजवळ नाही. आकडी, निद्रानाश, टोकाची चिडचिड यांवर औषधे आहेत व ती उपयोगी पडतात. परंतु बोलणे, मिसळणे, समजून घेणे, समजावून देणे ह्यांसाठी लागते ती शिकवणूक. वाचा-उपचार, व्यवसायोपचार, चित्रांच्या साहाय्याने संवाद आणि आईवडिलांनी घरी रोज करून घ्यावयाचा सराव, असे ते काम आहे. फळ येते, पण ते हळूहळू येते, प्रत्येक मुलात निराळे येते आणि किती येईल हे कोणी सांगू शकत नाही. ह्या अनिश्चिततेतूनच ज्या आशेला आधार नाही तिचा व्यापार सुरू होतो.

एखादे घर डोळ्यांसमोर आणा. निपाणीच्या बाजूस थोडी तंबाखूची जमीन, एक मुलगा, वय पाच. कोणीतरी भ्रमणध्वनीवर एक चित्रफीत पाठवितो. त्यात एक मूल पूर्वी बोलत नव्हते, आता 'आई' म्हणते. खाली मोठ्या शहरातील दवाखान्याचा पत्ता. तेथे सांगतात की मुलाच्या स्वतःच्याच कमरेच्या हाडातील मज्जा काढावयाची, तीतील मूळपेशी वेगळ्या करावयाच्या आणि मणक्यातून सुई घालून त्या पाठीच्या कण्याभोवतीच्या द्रवात सोडावयाच्या. त्यासाठी मुलाला गुंगी द्यावी लागते. खर्च मोठा, आणि एकदा करून भागेलच असे नाही, हेही हळूच सांगितले जाते. बाप जमिनीकडे पाहतो, आई हातांतील बांगड्यांकडे. "आपण केले नाही असे पुढे वाटावयास नको," ह्या एका वाक्यावर निर्णय होतो. त्या आईबापांना अडाणी म्हणणारा मनुष्य अशा घरात कधी राहिलेला नसावा.

गुण आल्याचे पालक सांगतात ते खोटे असते काय? मुळीच नाही, पण जे पाहिले ते कशामुळे घडले, हा प्रश्न निराळा आहे. अमेरिकेतील 'सेक्रेटिन'ची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. पचनाशी संबंधित असलेले हे संप्रेरक एका तपासणीसाठी टोचले असता स्वमग्न मुले सुधारल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झाले. मुले होती तीन. दूरचित्रवाणीवर बातमी गेली आणि हजारो पालक ते औषध शोधू लागले. १९९९ च्या डिसेंबरात एका काटेकोर चाचणीचा निष्कर्ष छापून आला. साठ मुले घेतली होती. काहींना सेक्रेटिन टोचले, काहींना केवळ मिठाचे पाणी. कोणाला काय मिळाले हे पालकांनाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यांनाही नव्हते. चार आठवड्यांनी लक्षणांचे गुण मोजले, तेव्हा सेक्रेटिनच्या गटात ते सरासरीने ८.९ नी उतरले होते आणि मिठाच्या पाण्याच्या गटात १७.८ नी. औषधाचा म्हणून काही लाभ दिसला नाही. सुधारली दोन्हीकडची मुले. कारण मुले वाढत असतात, बरेवाईट दिवस येत-जात असतात, आणि आशेने पाहणारे डोळे आधी न दिसलेले टिपू लागतात. निष्कर्ष सांगितल्यावरही ६९ टक्के पालकांना सेक्रेटिनमध्ये रस उरलाच होता. ह्या आकड्यावर हसू नये. आशा किती चिवट असते आणि तिच्याशी व्यवहार करणाऱ्यावर किती मोठी जबाबदारी असते, हेच त्यावरून कळते.

मूळपेशींचीही परीक्षा झाली आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात दोन ते सात वर्षांच्या १८० मुलांवर नाळेच्या रक्ताची चाचणी झाली व २०२० साली तिचा निष्कर्ष आला. ज्या मुख्य मापाने लाभ मोजावयाचा ठरले होते, त्यात रक्त दिलेल्या आणि न दिलेल्या मुलांमध्ये उल्लेखनीय फरक आढळला नाही. नाळेचे रक्त आणि हाडातील मज्जा एक नव्हेत, हे खरे. परंतु मज्जेचे उपचार विकणाऱ्यांवरच मग त्यांचा गुण सिद्ध करण्याचे ओझे येते, आणि ते सिद्ध होण्याआधीच त्यांनी पैसे घेतले.

येथे सरकार काय करीत होते, असे वाचक विचारतील. अगदीच स्वस्थ होते असे नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २००७ साली पहिली मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांच्या नावात 'मूळपेशी संशोधन आणि उपचार' असे शब्द होते. २०१३ साली ती सुधारली, तेव्हा नावातून 'उपचार' हा शब्द गाळण्यात आला. कारण उघड आहे. रक्ताच्या विकारांवरील मज्जारोपणासारखे ठरावीक उपयोग सोडले, तर बाकी सारे अजून संशोधनच होते. २०१७ च्या सुधारित तत्त्वांत, चाचणीबाहेर रुग्णावर असा प्रयोग करणे अनैतिक असून तो वैद्यकीय गैरव्यवहार समजावा, असे स्पष्ट लिहिले गेले.

परंतु मार्गदर्शक तत्त्व म्हणजे कायदा नव्हे. २०१९ च्या नवी औषधे व चाचण्या यांसंबंधीच्या नियमांनी, ज्या पेशींवर मोठी प्रक्रिया केली जाते त्यांना औषधाच्या व्याख्येत घेतले. आमचे दवाखाने पेशींवर किरकोळच प्रक्रिया करतात, असे म्हणावयास त्यामुळे वाव उरला आणि त्या फटीतून धंदा चालू राहिला. ६ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने, स्वमग्नतेवर ह्या उपचारांची शिफारस करता येत नाही व त्यांचा प्रचार करणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे कळविले. त्यावर काही पालक दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि २०२३ साली त्यांच्या मुलांचे चालू उपचार पुढे सुरू ठेवण्याची मुभा त्यांना मिळाली. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला बोलावे लागले. पहिल्या तत्त्वांपासून ह्या निकालापर्यंत जवळजवळ एकोणीस वर्षे गेली. तेव्हा जन्मलेली मुले आज कॉलेजच्या वयाची आहेत.

दिल्लीस गेलेल्या त्या पालकांचे म्हणणे थोडक्यात झटकून टाकण्याजोगे नाही. मूल आमचे, पैसा आमचा, धोकाही आम्ही पत्करतो; मग सरकारने मध्ये का पडावे? ह्याचे उत्तर न्यायालयाने संमतीच्या तत्त्वावरून दिले आहे. संमती खरी ठरावयाची तर पुरेशी माहिती हवी. ज्या उपचाराच्या गुणाविषयी व धोक्याविषयी भरवशाची माहितीच जगात नाही, तेथे डॉक्टर ती देणार कोठून? मग खालच्या सहीला अर्थ किती? आमच्या मते आणखीही एक गोष्ट आहे. सुई आईबापांच्या मणक्यात जात नाही. ती अशा मुलाच्या मणक्यात जाते, ज्याला 'दुखते' हेदेखील पुष्कळदा सांगता येत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा, ज्यात स्वमग्नता मान्य दिव्यांगतांत घेतली आहे, स्पष्ट सांगतो की दिव्यांग व्यक्तीवर तिच्या मोकळ्या व माहितीपूर्वक संमतीवाचून आणि नेमलेल्या समितीच्या पूर्वपरवानगीवाचून संशोधन करता येणार नाही. आईबापांवरील अविश्वासातून हे कलम आलेले नाही. मुलाच्या बाजूने आणखी एक माणूस उभा असावा, एवढ्यासाठी ते आहे.

ह्या साऱ्या नियमांचे सार घरगुती भाषेत सांगावयाचे तर असे: उपचार सिद्ध झाला असेल तर तो प्रयोग नव्हे, आणि प्रयोग असेल तर त्याचे पैसे रुग्णाकडून घ्यावयाचे नाहीत. मूळपेशींच्या चाचणीत भाग घेणाऱ्याकडून खर्च घेऊ नये, असे मार्गदर्शक तत्त्वेच सांगतात. "आमचे संशोधन चालू आहे" असे म्हणून जो पावती फाडतो, त्याच्या दोन बोलण्यांपैकी एक तरी खोटे आहे.

आता पैशाचा प्रश्न. सिद्ध न झालेल्या उपचारांवर सरकारने स्वतः खर्च करावा काय? पालक आधीच ते करीत असतील, तर एकदा सरकारी पैशाने चाचणी होऊन सोक्षमोक्ष लागलेला बरा, असे काहींना वाटते. अमेरिकेत ह्याच विचाराने शरीरातील शिसे-पारा काढणाऱ्या औषधांची स्वमग्न मुलांवर चाचणी करण्याचे तेथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने योजिले होते. २००५ साली पेनसिल्व्हेनियात अशा उपचाराच्या वेळी पाच वर्षांचा एक मुलगा दगावला होता. पुढे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शिशाची बाधा नसलेल्या उंदरांना तेच औषध दिल्यावर त्यांची शिकण्याची शक्ती बिघडल्याचे दिसले. लाभाची आशा नाही आणि धोका मात्र खरा, अशा स्थितीत ती चाचणी २००८ साली सोडून देण्यात आली. कोणी मागणी करतो एवढ्याने प्रयोग योग्य ठरत नाही. लाभ होईल असे मानावयास आधी शास्त्रीय आधार हवा, हा त्यातला धडा.

त्याच अमेरिकेत २२ सप्टेंबर २०२५ रोजी खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत 'ल्युकोव्होरिन' ह्या जुन्या औषधाची स्वमग्नतेच्या संदर्भात वाखाणणी झाली. त्यामागचा पुरावा लहान लहान चाचण्यांचा आहे, मोठ्या अभ्यासांची गरज आहे, असे तेथील तज्ज्ञांनी लागलीच सांगितले. औषधाची परीक्षा घेणे हे सरकारचे काम खरे. परीक्षेचा निकाल लागण्याआधी पेढे वाटणे हे नव्हे. परीक्षक म्हणून ज्याच्याकडे पाहावयाचे तोच जाहिरातदार झाला, तर पालकाने विचारावयाचे कोणाला?

मात्र बंदी घातली म्हणजे सरकारचे कर्तव्य संपले, असेही आम्हांस वाटत नाही. लोक नको त्या दाराशी का जातात? हवे ते दार जवळपास नसते म्हणून. नियमित वाचा-उपचार घ्यावयाचा तर खेड्यातील आईने मुलाला घेऊन आठवड्यातून दोनदा एस.टी.ने बेळगाव किंवा कोल्हापूर गाठावयाचे, म्हणजे तिचा त्या दिवसांचा रोजगार बुडाला. मैसूरची वाणी व श्रवण यांसाठीची अखिल भारतीय संस्था १९६५ पासून उत्तम काम करीत आहे. पण मैसूर आपल्याला बंगळूरपेक्षाही दूर. एकदाच जाऊन होणारी शस्त्रक्रिया जितकी सोपी वाटते, तितका वर्षानुवर्षांचा हा प्रवास सोपा वाटत नाही. म्हणून आम्ही म्हणतो की सार्वजनिक पैशाचा पहिला हक्क ज्याचा उपयोग ठाऊक आहे त्या कामाचा आहे: तालुक्याच्या गावी उपचारतज्ज्ञ, अंगणवाडीत लवकर ओळख, आणि पालकांना शिक्षण. त्यानंतर सुनियोजित, विनामूल्य संशोधन.

सीमाभागात ह्याला आणखी एक पदर आहे. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने येथील ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचे ठरविले. कर्नाटक शासनाने त्यास हरकत घेतली. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. स्वमग्न मुलाची गरज मोठ्या शस्त्रक्रियेची नसते, आठवड्याच्या चार तासांची असते, आणि ते चार तास देण्याविषयी दोन्ही राजधान्यांशी आपल्याला बोलावे लागेल. तोवर दोन्ही बाजूंस चालणाऱ्या केंद्राच्या सोयी तरी आपण पदरात पाडून घ्याव्यात. दिव्यांगतेचे ओळखपत्र देशभर चालते. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' नावाची विमा योजना स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांसाठी आहे. तीत आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि रुग्णालयात दाखल न होता घेतलेले नियमित उपचारही तीत धरले आहेत. कायद्याच्या ठरावीक प्रमाणात दिव्यांगता असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे, मग शाळा मराठी असो वा कन्नड.

भाषेचा उल्लेख आलाच आहे म्हणून सांगतो. घरी मराठी, रस्त्यावर कन्नड, शाळेत इंग्रजी, त्यामुळे मूल गोंधळले. घरी मराठी बंद करा, असा सल्ला पुष्कळांना मिळतो. दोन भाषांत वाढल्याने स्वमग्न मुलाचे बोलणे अधिक मागे पडते, असे आजवरच्या अभ्यासांत आढळलेले नाही. ज्या भाषेत आई सहज हसते, रागावते, गाणे म्हणते, तीच भाषा तिने मुलाशी बोलावी. ह्या उपायाला परवानगी लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत.

कोणी नवा उपचार सुचविला तर आमच्या वाचकांनी चार गोष्टी विचाराव्यात. हा सिद्ध उपचार आहे की चाचणी? चाचणी असेल तर देशाच्या चाचण्यांच्या नोंदवहीत तिचा क्रमांक कोणता? २००९ पासून ही नोंद सक्तीची आहे व ती संगणकावर कोणालाही पाहता येते. नैतिकता समिती कोणती, आणि मुलाला अपाय झाल्यास भरपाई कोण देणार? आणि चौथे, पैसे मागता ते कशाचे? उत्तरे लेखी मागावीत, घरी आणावीत आणि मुलाच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावीत. जो आजच्या आज निर्णय मागतो, त्याला नमस्कार करून परतावे.

आपल्या महिला मंडळांनी, वाचनालयांनी आणि शाळांनीही ह्यात थोडे मन घालावे. महिन्यातून एक दुपार अशा पालकांना बसण्यासाठी जागा द्यावी, ओळखपत्राचे व विम्याचे अर्ज भरून द्यावेत, एखाद्या उपचारतज्ज्ञास बोलावून घ्यावे. ज्या आईला बोलावयास चार जणी आहेत, तिला अपरात्री भ्रमणध्वनीवर उपाय शोधण्याची वेळ थोडी कमी येते. निकाल दिल्लीत लागला आहे. त्याचा उपयोग बेळगाव, खानापूर, निपाणीच्या घरांना होणे न होणे हे पुष्कळसे आपल्या हाती आहे.